तीन बाराची शांतता

१

सकाळी ऑफिसला आल्यावर सेरेआना आधी आलेख बघायची, मग चहा. सुवा शहरात, तूराकच्या चढावर, एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. माणसंही दोनच. सेरेआना आणि शालेंद्र. शालेंद्र तिच्याहून बारा वर्षांनी मोठा, स्थूल, सतत काहीतरी चघळणारा. त्याला ती भैया म्हणायची, आणि तो तिला 'बाईसाहेब'.

'वेइवुके' नावाची वेबसाइट हे दोघं सांभाळत. वेइवुके म्हणजे मदत. दूरदूरच्या एकतीस बेटांवर छोटे सरकारी दवाखाने होते, बहुतेक ठिकाणी एकच नर्स. अडचण आली की नर्सने त्या साइटवर रोग्याची माहिती टाकायची आणि सुवाच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी पडद्यावर समोर बसून सांगायचं, असं करा, तसं करा. गावकरीही जहाज कधी येणार, दातांचा डॉक्टर कधी येणार ते त्यावरच बघत. साइट जिथे राहायची ती यंत्रं सिडनीत होती, एका क्लाउड कंपनीच्या कोठारात. सेरेआनाने ती कधी पाहिली नव्हती. मात्र त्यांच्या नाडीवर तिचं बोट दिवसभर असायचं.

त्या सोमवारी चहा व्हायच्या आधीच फोन आला. अकानीसीचा. ती, म्हणजे काना, तिची मावसबहीण, वातुमोली बेटावर नर्स होती.

"काना, इतक्या सकाळी?"

"तुझी साइट काल परत मेली," अकानीसी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच सेरेआना सरळ होऊन बसली. "बाळंतीण होती. रक्त थांबेना. डॉक्टर केलेरा मला सांगत होत्या, कुठे दाबायचं, किती औषध द्यायचं. आणि पान पांढरं झालं. चार मिनिटं, सेरे. चार मिनिटं मी त्या बाईच्या पोटावर हात दाबून पांढऱ्या पानाकडे बघत होते."

"बाई?"

"वाचली. तिच्या नशिबाने वाचली, तुझ्या साइटने नाही."

"किती वाजता?"

"नेहमीच्याच वेळी. तीन वाजून गेल्यावर. रोज मरते ती तेव्हा. तुला माहीत नाही?"

सेरेआनाला माहीत होतं. गेले दोन आठवडे दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी आलेखावर एक सुळका उभा राहायचा आणि मग सगळं सपाट. तिने मनातल्या मनात त्याला जहाजाच्या वेळापत्रकाची गर्दी म्हणून टाकलं होतं.

"मी बघते," ती म्हणाली.

"बघू नकोस. दुरुस्त कर."

२

तिने शास्त्राप्रमाणे सुरुवात केली. साइट अडखळली की आधी घरातला कचरा काढायचा, मग शेजाऱ्यांना नावं ठेवायची.

कचरा भरपूर निघाला. रोग्यांची यादी मागितली की डेटाबेस पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळी वही चाळत होता. तिने त्याला अनुक्रमणिका करून दिली. जहाजांचं वेळापत्रक आठवड्यातून एकदा बदलायचं, तरी प्रत्येक वेळी नव्याने मांडलं जात होतं. ते तिने एकदाच मांडून बाजूला ठेवलं. एक जुना प्रोग्राम संगणकाची स्मृती घ्यायचा आणि परत द्यायचा नाही, त्याला तिने हाकलून दिलं. बुधवारपर्यंत साइट अशी पळू लागली की शालेंद्रने पाव चावता चावता टाळ्या वाजवल्या.

"बाईसाहेब, आता ही साइट रग्बी खेळेल."

तीन वाजून बारा मिनिटांनी ती पडली.

शालेंद्र म्हणाला, "मोठं यंत्र घे. किती दिवस डोकं फोडणार?"

"यंत्र लहान नाहीये, भैया. बघ ना, दिवसभर पाव भागसुद्धा वापरलं जात नाही."

गुरुवारी तिने सुळक्याकडे बघायचं सोडलं आणि त्याच्या आधीच्या जागेकडे बघितलं. इतके दिवस ती पडझड तपासत होती, पडण्यापूर्वी काय होतं ते कुणी बघितलंच नव्हतं. तिने नोंदी उघडल्या. कोणत्या बेटावरून, कोणत्या सेकंदाला, कोणी काय मागितलं. दर सेकंदाला दहा-वीस ओळी. खालून वर, वरून खाली. आणि मग एका ठिकाणी वातुमोली आणि शेजारच्या बेटांवरून एकही ओळ नाही. एकोणीस सेकंद. मग एकदम चारशे.

'दोर तुटला असेल,' तिला वाटलं. उपग्रहाची जोडणी एकोणीस सेकंद गेली, परत आली, तुंबलेलं सगळं एकदम धावलं. डेटाबेसपर्यंत जायला एका वेळी वीसच दारं, चारशे जण एकदम आले की चेंगराचेंगरी होणारच. इतकं सोपं. तिला स्वतःचा रागही आला आणि सुटल्यासारखंही वाटलं.

मग तिने दवाखान्यांच्या यंत्रांच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक दवाखान्यातली पाटी, म्हणजे नर्सचा टॅब्लेट, दर पाच सेकंदांनी आपली आपण 'मी आहे' असं कळवत असे. त्याला माणूस लागत नाही.

त्या एकोणीस सेकंदांत पाट्या बोलत होत्या. मी आहे. मी आहे. मी आहे. वातुमोलीची, शेजारच्या बेटाची, त्याच्या पुढच्याची, एकही चुकलेली नाही.

दोर शाबूत होता. ज्याला माणसाचं बोट लागतं तेवढंच थांबलं होतं. चार बेटांवरची सगळी बोटं, एकाच क्षणी.

खाली दुकानात कुणीतरी कापडाचा तागा उलगडत होतं, त्याचा धप्प धप्प आवाज येत होता. सेरेआना तो आवाज मोजत बसली. आदल्या दिवशीच्या नोंदी काढल्या. एकोणीस सेकंद. त्याच्या आदल्या दिवशी, एकोणीस.

३

"प्रार्थना करत असतील," शालेंद्र म्हणाला.

"रोज? सेकंद धरून?"

"मग चहा. मग सामना लागलेला असेल. अगं, माणसं काहीही करतात. माझे वडील रोज बरोबर दोनला शिंकायचे."

पण दुसऱ्या दिवशी तीनला तो आपली खुर्ची ओढून तिच्या शेजारी येऊन बसला. तिने अकानीसीला स्क्रीनवर बोलावलं होतं. मागे दवाखान्याची खिडकी, खिडकीतून अंगण, वाळत घातलेल्या चादरी, त्यापलीकडे समुद्राचा पट्टा. लाटांचा आवाज सतत, बोलण्याखाली गादीसारखा पसरलेला.

"काय तपासायचंय?" अकानीसीने विचारलं.

"काही नाही. तू बोलत राहा."

"मी बोलत राहू? हे पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं. भैया, ऐकताय ना?"

"ऐकतोय, ऐकतोय. काय नवीन?"

"नवीन काय, पास्टरची बकरी दवाखान्यात शिरली. मी आत इंजेक्शन देतेय आणि बाहेर काहीतरी फाडल्याचा आवाज. बघते तर त्या बकरीने..."

ती थांबली.

चित्र अडकलं असं सेरेआनाला वाटलं. पण चादरी हलत होत्या. अकानीसीने हातातला कप टेबलावर ठेवला, इतक्या हळू की त्याचा आवाज झाला नाही, आणि ती जमिनीवर बसली. आता तिचं फक्त कपाळ आणि डोळे दिसत होते. डोळे वर होते. छताकडे म्हणावं तर नजर छतावर थांबलेली नव्हती. अंगणात एक माणूस खांद्यावर कसाव्याची मोळी घेऊन चालला होता. त्याने मोळी खाली ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी, आणि तोही बसला. त्याच्या मागे एक कुत्रा बसला.

शालेंद्रचं चघळणं थांबलं. "आवाज गेला का गं?"

सेरेआनाने आवाजाची पट्टी बघितली. आवाज चालू होता. चादरींची फडफड ऐकू येत होती. लाटा ऐकू येत नव्हत्या. मागचा समुद्राचा पट्टा जागच्या जागी होता, निळा, आणि काचेसारखा.

अकानीसीच्या कपाळावर भीती नव्हती. सेरेआना नंतर कितीतरी वेळा तेच आठवत राहिली. लहान मूल पहिल्यांदा आगबोट बघतं तेव्हा जसे डोळे होतात, तसे ते होते.

मग ती उठली, कप उचलला.

"...अख्खं बँडेजचं बंडल खाल्लं! आता ते बाहेर कसं येणार ते देवालाच ठाऊक."

लाटांचा आवाज परत आला होता.

"काना," सेरेआना म्हणाली, "तू खाली का बसलीस?"

"मी? कधी?"

"आत्ता. बकरीचं सांगताना."

"मी उभीच आहे की. तुझी साइट अडकली असेल."

"गुडघ्यांना काय लागलंय बघ."

अकानीसीने खाली बघितलं. पांढऱ्या गणवेशावर गुडघ्यांपाशी लादीची बारीक वाळू चिकटलेली होती. तिने ती झटकली. झटकताना तिचा हात मध्येच क्षणभर घुटमळला.

"वाळू काय, इथे सगळीकडेच असते," ती म्हणाली.

४

शुक्रवारी संध्याकाळी सेरेआनाने दुरुस्ती केली. सोपी होती. चारशे जण एकदम आले तर त्यांना बाहेर रांगेत उभं करायचं, वीस-वीसने आत सोडायचं. शनिवारी सुळका उभा राहिला, पण साइट पडली नाही. डॉक्टर केलेरांनी आभाराचा फोन केला. काम संपलं होतं.

पण उपचार झाला म्हणून रोग कळला असं होत नाही. सेरेआना महिन्याभराच्या नोंदी घेऊन बसली. पहिली शांतता पूर्वेला अगदी टोकाच्या बेटावर होती, जिथे चाळीस माणसं राहतात. तेव्हा ती जेमतेम दोन सेकंदांची होती, कुणाच्या लक्षात येण्यासारखी नव्हतीच. तिथे ती सहा दिवस टिकली आणि सातव्या दिवशी बंद झाली. मग अलीकडच्या दोन बेटांवर, सात सेकंद. मग त्याच्या अलीकडे, अकरा. आता वातुमोली आणि शेजारी, एकोणीस. जिथे माणसं जास्त, तिथे वेळ जास्त. आणि प्रत्येक वेळी पश्चिमेकडे.

नकाशावर वातुमोलीच्या पश्चिमेला बोट सरकवलं की ते सुवावर येत होतं.

"हा योगायोग आहे," ती शालेंद्रला म्हणाली.

"मग तू जहाजाचं तिकीट का काढलंस?"

"अँटेना बसवायचाय तिथे."

"बसव, बसव," शालेंद्र म्हणाला. त्याने खणातून बिस्किटांचे दोन पुडे काढून तिच्या पिशवीत टाकले. "आणि तीन वाजता समुद्रात पोहू नकोस."

५

जहाजाला दीड दिवस लागला. वातुमोलीला उतरल्यावर सेरेआनाने अँटेना खरोखरच बसवला. मग दोन वाजता अंगणात पिंपळासारख्या पसरलेल्या इवीच्या झाडाखाली टेबल मांडलं. तीन फोन तीन दिशांना चालू करून ठेवले. लॅपटॉपवर एक साधा खेळ लिहून आणला होता: दर सेकंदाला एक कळ दाबायची, यंत्र वेळ टिपून घेणार. मोजणाऱ्यालाही मोजलं पाहिजे, हे तिला पहिल्यांदाच सुचलं होतं.

अकानीसी बायकांबरोबर समोर ओसरीवर चटई विणत होती. "आमच्या सुवाच्या बाई काय शिकारीला आल्यात का? इतके कॅमेरे?"

"हो, तुमच्या बकरीचा फोटो काढायचाय."

बायका हसल्या. तीन अकरा. सेरेआना कळ दाबू लागली. टक. टक. टक. ऊन स्वच्छ होतं. लाटा येत होत्या, जात होत्या. तीन बारा. टक. टक. एक बाई दुसरीला सुई मागत होती. टक. टक. कसाव्याच्या रानातून धूर येत होता. तीन तेरा. तीन चौदा.

काहीच झालं नाही.

तिला हसू आलं, आणि इतकं हलकं वाटलं की ती अकानीसीला हाक मारणार होती. मग तिने पडद्यावरचे आकडे बघितले. टक, टक, टक, मग एकोणीस सेकंदांची मोकळी जागा, मग टक. तिने स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं. त्यांना माती लागली होती.

तिने फोन उचलला. एकटीने बघायचं धाडस झालं नाही. ओसरीवर गेली, अकानीसीला बाजूला घेतलं आणि दोघींनी एका फोनवर डोकी जवळ आणून बघितलं.

चित्रात सेरेआना टेबलापाशी कळ दाबत होती. मग तिने हात उचलला, खुर्ची मागे सारली आणि जमिनीवर बसली, तळवे मातीवर टेकून. ओसरीवरच्या बायका बसल्या होत्याच, त्यांनी सुया खाली ठेवल्या. सगळ्यांनी वर बघितलं. लाटा थांबल्या. मग जमिनीवरून एक सावली सरकली. तिची कड आधी समुद्राकडून आली, अंगण ओलांडलं, झाडाच्या बुंध्यावर चढली, आणि मागे ऊन तसंच राहिलं. ढगाची सावली अशी नसते. ढगाच्या सावलीत रंग मंद होतात. या सावलीत रंग जास्त गडद झाले होते. सगळ्यांच्या माना तिच्याबरोबर हळूहळू वळत होत्या.

शेवटच्या सेकंदाला सगळ्यांचे ओठ हलले. एकाच वेळी, एकाच आकारात. आवाज आला नाही. बारकी पोरं, म्हाताऱ्या, मोळीवाला माणूस. अकानीसी. सेरेआना.

"परत लाव," अकानीसी म्हणाली. तिने सेरेआनाचा दंड धरला होता. "शेवटचं परत लाव."

सेरेआनाने तीनदा लावलं.

"'इओ,'" अकानीसी हळूच म्हणाली. "आपण सगळे 'हो' म्हणतोय."

"हो."

"कशाला हो, सेरे? कुणी काय विचारलं आपल्याला?"

सेरेआनाने चित्र थांबवलं. ती स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत होती. इतका सुंदर तो तिने कधी आरशात पाहिला नव्हता. एखादी गोष्ट जन्मभर मागावी आणि ती दारात उभी राहावी, तसा तो दिसत होता. आपल्याला इतका आनंद झाला होता आणि त्यातला कणभरही आपल्याजवळ नाही.

दुसऱ्या दिवशी तीन बाराला वातुमोलीवरून ओळींमागून ओळी येत राहिल्या. काही थांबलं नाही.

६

ती सुवाला परतली तेव्हा शालेंद्रने चित्र एकदाच बघितलं. मग तो खिडकीशी गेला.

"दुखतं का गं?"

"नाही."

"मग आठवत का नाही?"

"आठवलं असतं तर कदाचित दुखलं असतं."

"आईला सांगू का घरी? ती जिना चढते दुपारची."

"तीनला खाली बसव तिला. काहीतरी निमित्त काढ."

एका घरात निमित्त काढता येतं. सेरेआनाला इस्पितळाची काळजी झोप लागू देत नव्हती. शहरभर माणसांची बोटं थांबणार, आणि त्यातली काही बोटं तेव्हा कुणाच्या तरी पोटात असणार. किती सेकंद? वातुमोलीत चारशे माणसं, एकोणीस. सुवात लाखावर. तिने हिशेब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

शेवटी तिने हातात होतं तेच केलं. साइटवर लाल पट्टीत सूचना लावली: देखभालीसाठी आठवडाभर रोज दुपारी तीन ते साडेतीन सेवा पूर्ण बंद. इस्पितळातल्या शस्त्रक्रियांच्या नोंदीही याच साइटवर होत्या, त्यांच्याशिवाय तिथे कुणी सुरी उचलत नसे. दहा मिनिटांत डॉक्टर केलेरांचा फोन आला.

"आठवडाभर, रोज अर्धा तास? दिवसाढवळ्या? वेड लागलंय का तुला?"

"लागलं असेल, डॉक्टर."

"उद्या पावणेतीनला माझ्या टेबलावर एक सहा वर्षांची मुलगी आहे. हृदयाचं आहे. मी तिला काय सांगू, संगणकाची झाडलोट चाललीय?"

"साडेतीनला घ्या. तीनला कुणाच्या हातात सुरी असू नये. मला याहून जास्त सांगता येत नाही." "साइट पडली आणि मी ती तुमच्यासाठी उभी केली नाही, असं कधी झालंय का? या एका आठवड्यापुरतं ऐका. मग मला काढून टाका."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग डॉक्टर केलेरा म्हणाल्या, "साडेतीन. आणि सोमवारी तू माझ्यासमोर येऊन बसायचंस."

दुसऱ्या दिवशी तीनला सेरेआना आणि शालेंद्र बाजाराजवळ बस स्टँडच्या कट्ट्यावर बसले. पाऊस नुकताच थांबला होता. दालोच्या कंदांचे ढीग, फेरीवाल्यांची ओरड, बसमधली गाणी. तीन अकराला एक बस बाजूला घेऊन थांबली. मग दुसरी. चालकांनी इंजिनं बंद केली, जणू शेवटचा थांबाच आला होता. पहिल्यांदा ओरड थांबली, मग गाणी, मग बंदराकडून येणारा पाण्याचा आवाज. लोक खाली बसू लागले. चिखलात, पायऱ्यांवर, टोपल्यांच्या मध्ये. पोलीस बसला. शेजारी शालेंद्र कट्ट्यावरून घसरून जमिनीवर बसला आणि त्याने वर बघितलं.

सेरेआना बसली नाही. तिला कुणी थांबवलं नाही. तिचं उत्तर वातुमोलीतच देऊन झालं होतं.

हजारो माणसांत ती एकटी जागी होती. सावली आली. पाणी साचलेल्या रस्त्याचा काळा रंग अधिक काळा झाला, केळी अधिक पिवळी झाली. तिने वर बघितलं नाही. मान उचलेना. ती फक्त शालेंद्रचा चेहरा बघत राहिली. सतत चेष्टा करणारा तो माणूस, त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्याला पुसायचं भान नव्हतं. ओठ मिटलेले होते. सगळ्यांचेच.

सव्वाचार मिनिटं. तिने घड्याळ लावलं होतं. मग चालकांनी इंजिनं सुरू केली आणि शालेंद्र उठून विजार झटकू लागला.

"काय गं, झालं का काही?" त्याने विचारलं. मग गालाला हात लावला. "पाऊस आला वाटतं."

असं चार दिवस झालं. साडेतीनला त्या मुलीचं हृदय नीट शिवलं गेलं, ते तिला नोंदींतून कळलं. पाचव्या दिवशी शालेंद्र आईला खुर्चीत बसवून, तिच्या पायाशी बसतो म्हणून घरीच राहिला. सेरेआना एकटीच स्टँडवर गेली.

आणि त्या दिवशी, सावली अर्ध्यावर आली असताना, तिने मान वर केली.

आकाश होतं तिथेच होतं. त्याच्या अलीकडे काहीतरी जात होतं. तळाशी पडलेल्या माशाला वरून जाणाऱ्या गलबताचं जेवढं दिसत असेल तेवढंच तिला दिसलं: पोटाची एक बाजू, तीसुद्धा थोडीच, अतिशय जुनी, अतिशय सावकाश, आणि तिच्या पृष्ठभागावर ओळींमागून ओळी, लिहिल्यासारख्या. तिला वाचता येत नव्हत्या. तरी एका ओळीवर तिची नजर अडली, कारण ती ओळ ताजी होती. तिने आणखी वर, कड कुठे संपते ते शोधायचा प्रयत्न केला. कड नव्हती.

ती जिथे बघत होती, तिथे ते क्षणभर मंदावलं.

सेरेआनाने श्वास धरला. पळावं असं वाटलं नाही. आपण फार लहान आहोत, आणि तरीही आपली दखल घेतली गेली आहे, या दोन्ही गोष्टी एकदम पेलायच्या म्हणजे माणसाने उभं कसं राहायचं, तेवढंच तिला कळेना. ती गुडघ्यांवर आली.

मग शहर बोललं.

वातुमोलीत आवाज नव्हता. इथे ती जागी होती, म्हणून तिने ऐकला. बाजारातून, बसमधून, चढावरच्या घरांतून, इस्पितळाच्या खिडक्यांतून, लाखभर माणसं एकदम. कुणी 'इओ' म्हणालं, कुणी 'हां', कुणी 'येस'. मिळून एकच शब्द झाला. तो डोंगरावर जाऊन आदळला आणि परत आला. त्यात कुठे धाक नव्हता, जबरदस्ती नव्हती. मंगलाष्टकं संपताना मांडवातून जसा एकच हुंकार उठतो, तसा तो होता.

सावली पश्चिमेला उतरली. दालोवाली बाई तिला हात देऊन उठवत होती. "पाय घसरला का गं पोरी? बघून चालावं."

७

पश्चिमेकडच्या बेटांवर लाल सूचना आणखी अकरा दिवस राहिली. मग तिथलीही शांतता संपली आणि सेरेआनाने पट्टी काढून टाकली. डॉक्टर केलेरांसमोर ती सोमवारी जाऊन बसली होती, पण त्यांनी काही विचारलं नाही. एकदाच म्हणाल्या, "त्या मुलीने भूल उतरताना 'हो, हो' म्हटलं. कुणाला म्हणतेस विचारलं तर हसली."

पट्टी काढली त्याच दुपारी सेरेआनाने पोर्ट विलाचा एक क्रमांक शोधून काढला. पश्चिमेला समुद्र ओलांडला की ते बंदर. तिथल्या बेटांच्या दवाखान्यांची साइट काल्मेत नावाचा एक माणूस सांभाळत होता. त्याचा आवाज थकलेला होता.

"तुम्ही मला ओळखत नाही," ती म्हणाली. "तुमच्या साइटला सध्या काही त्रास आहे का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" तो म्हणाला. "रोज दुपारी. अगदी बाहेरचं एक छोटं बेट आहे, तिथून. दोन सेकंद कुणीच काही मागत नाही. मी दोर तपासला. दोर ठीक आहे."

"हो. दोर ठीकच असतो."

मागे कुठेतरी पंखा फिरत होता.

"हे मोठं होणार आहे का?" त्याने विचारलं.

"तुमच्या शहरात यायला थोडे दिवस आहेत. त्याच्या आधी देखभालीची सूचना लावा. त्या अर्ध्या तासात कुणाच्या हातात काही नको. सुरी नको, सुकाणू नको, तान्हं मूल नको."

"आणि मी? मी काय करू?"

सेरेआनाने खिडकीबाहेर बघितलं. तूराकच्या चढावर शाळा सुटली होती, मुलं गणवेशात उतरत होती, आकाश रिकामं होतं.

"तुम्ही बसून घ्या," ती म्हणाली. "आणि घाबरू नका. काय विचारतील ते मलाही माहीत नाही. पण तुम्ही हो म्हणाल."